मागच्या दारावरची गारवेल

“आसीरगडला पहिल्या बसने जायचं. डबा मी आणतो, पाणी गोटू उचलेल,” ललितने जाहीर केलं.

“पाणी मीच का?”

“कारण पितोस तूच सगळ्यात जास्त.”

“मग डबापण मीच उचलतो. खातोपण मीच,” गोटू म्हणाला.

गायत्रीला हसू आलं. काल भुसावळहून आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती. तिघं आजोबांच्या ओट्यावर बसली होती. ललित आठवीत आणि त्याचा भाऊ गोटू चौथीत. दोघं समोरच्याच घरात राहणारे. गायत्री सातवीत. दिवाळीच्या सुट्टीत ती दरवर्षी बुऱ्हाणपूरला आजोळी यायची. इंदूरहून ऋषिकेशमामाची मुलं यायची, आजी चकल्या तळायची आणि रात्री अंथरुणं घालायला जागा पुरायची नाही.

यंदा आषाढात आजी गेली. वर्षभर घरात सण करायचा नाही, म्हणून मामाकडचं कोणी आलं नाही. गायत्री मात्र हट्ट करून आली. आता एवढ्या घरात ती आणि आजोबा दोघंच होते. आजोबांना खिचडी तेवढी करता यायची. दोन्ही वेळा ते तीच करायचे. शेजारणी फराळाचं ताट आणून द्यायच्या, “आप्पा, खाऊन घ्या बरं,” म्हणायच्या आणि जायच्या. मग घर पुन्हा गप्प व्हायचं.

फाटक वाजलं. कॉलनीचे अध्यक्ष सुकलालकाका आत आले. त्यांच्या मागे गिरधरकाका होते. पंपघराच्या पलीकडे त्यांच्या नव्या घराचं बांधकाम चाललं होतं.

आजोबा हात पुसत बाहेर आले.

“आप्पा, वाईट वाटून घेऊ नका,” सुकलालकाका म्हणाले, “पण पंपघराची चावी द्या.”

कॉलनीत सगळ्यांना मिळून एकच बोअर होती. तिची मोटर रोज पहाटे आजोबा चालू करायचे, टाकी भरली की बंद करायचे आणि दाराला कुलूप लावून चावी खिशात ठेवायचे. परवा दुपारी मोटर जळाली. कितीतरी वेळ ती चालूच राहिली होती. बोअरमधलं पाणी खाली गेलं आणि मोटर कोरडी फिरत राहिली.

“मी सकाळी बंद केली होती,” आजोबा म्हणाले.

“मग चालू कोणी केली? पुढच्या दाराला कुलूप. चावी तुमच्या खिशात. मागच्या दारावर तर ती वेल पसरली आहे. पावसाळ्यापासून ते दार कोणी उघडलेलं नाही. दुसरा माणूस आत जाणार कुठून?”

“बंद केली होती,” आजोबा पुन्हा म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. “केली असावी.”

“वहिनी गेल्यापासून तुमचं चित्त ठिकाणावर नसतं. आम्हाला समजतं ना, आप्पा. ऋषिकेशला मी फोन केलाय. तो उद्या येतोय तुम्हाला न्यायला. इंदूरला नातवंडांत राहाल. इथे एकटे काय करता?”

आजोबांनी खिशातून चावी काढली. सुकलालकाकांनी ती घेतली. गिरधरकाका सगळा वेळ आपल्या चपलांकडे बघत होते.

ते गेल्यावर आजोबा बराच वेळ दारातच उभे राहिले.

“गायत्री,” ते म्हणाले, “काल मी तुला घ्यायला स्टेशनवर आलो. तेव्हा निघताना घराला कुलूप लावलं होतं का गं मी?”

“हो, आजोबा. आपण आलो तेव्हा तुम्हीच उघडलंत.”

“नक्की ना?”

आजोबांनी चांदनी स्टेशनवर रेल्वेत नोकरी केली होती. गाडीला झेंडा दाखवायचा राहिला, असं एकदाही झालं नव्हतं. तो माणूस आता आपल्याच हाताबद्दल सातवीतल्या मुलीला विचारत होता.

“पहाटे कोणीतरी हाक मारायचं,” आजोबा आत जाता जाता म्हणाले. “आप्पा, पाणी सोडा. तेवढीच एक हाक होती दिवसातली.”

ओट्यावर ललितने विचारलं, “आसीरगड कॅन्सल?”

“कॅन्सल,” गायत्री म्हणाली. “आधी पंपघर.”

पंपघर म्हणजे कॉलनीच्या टोकाला असलेली एक लहानशी खोली. मागच्या बाजूला एक खिडकी आणि तिला लागूनच दार. दोन्हींना उभ्या लोखंडी सळ्या. दाराला बाहेरून नुसती कडी होती, कुलूप नव्हतं. कुलूप कधीचं गंजून तुटलं होतं. वेल वाढल्यावर, आता कोण जातंय तिकडून, म्हणून नवं कोणी लावलंच नाही.

वेल आजीने लावलेली. खिडकीखाली तिचं मूळ होतं. तिथून ती खिडकीच्या सळ्यांवर चढली होती आणि तिचे कितीतरी शेंडे बाजूच्या दारावर गेले होते. पानं बदामाच्या आकाराची. दुपार असल्यामुळे सकाळची निळी फुलं मिटून, गुंडाळलेल्या ओल्या रुमालासारखी लोंबत होती.

“ही सगळी मेली?” गोटूने विचारलं.

“गारवेलीचं फूल एकच सकाळ असतं. उजाडता उजाडता उघडतं, दुपारी मिटतं. ते पुन्हा नाही उघडत. उद्या दुसरी फुलतात. त्या बघ, उद्याच्या कळ्या.” गायत्रीने पीळ घातलेली एक लांबट कळी दाखवली. मिटलेल्या छत्रीसारखी ती स्वतःभोवतीच गुंडाळलेली होती.

ललितने कडी काढली आणि दार ओढलं. दार जागचं हललं नाही. गोटूही लोंबकळला. वेलीची काही पानं तेवढी तुटली आणि गोटूच्या बोटांना पांढरा चीक लागला.

“जाम आहे यार,” ललित म्हणाला. “सुकलालकाका बरोबर बोलतात. कोणी नाही गेलं इथून.”

गायत्री खिडकीकडे बघत होती, मग दाराकडे, मग पुन्हा खिडकीकडे.

“ललित, ही वेल उलटी गुंडाळली आहे.”

“मतलब?”

“आपण देवळात प्रदक्षिणा घालतो, तेव्हा देव कोणत्या हाताला असतो?”

“उजव्या.”

“गारवेल तशी फिरत नाही. तिची सळी तिच्या डाव्या हाताला असते. आजी म्हणायची, हिला कोणी प्रदक्षिणा शिकवलीच नाही. नेहमी उलटी फिरते. खिडकीवर बघ. प्रत्येक वेढा खालून डावीकडून निघतो आणि उजवीकडे वर चढतो. आता दार बघ.”

दाराच्या सळ्यांवर वेढे उजवीकडून निघून डावीकडे चढत होते. एक नाही, सगळेच.

“अगं, मग त्यात काय? काही इकडून फिरतात, काही तिकडून. आपल्यात नाही का डावखुरे असत?”

“वेल डावखुरी नसते.”

“तू समोरून बघतेस म्हणून तसं दिसतं. मागून बघ, उलटं दिसेल.”

“चल, बघू.”

जवळच कपडे वाळत घालायचा खांब होता. त्यावरही गारवेलीचा एक फाटा चढला होता. ललितने खांबाला पूर्ण फेरी मारली. समोरून पाहिलं, मागून पाहिलं, खाली वाकून पाहिलं. कुठूनही पाहिलं तरी वेढा डावीकडून उजवीकडेच चढत होता.

“स्क्रूच्या आट्यांसारखं आहे,” तो हळूच म्हणाला. “स्क्रू मागून बघितला तरी उलटा थोडाच होतो.”

“आणि शेंडे बघा,” गायत्री म्हणाली. “दारावरचे. वेढे उलटे, पण अगदी वरचा कोवळा शेंडा पुन्हा सुलटा वळलाय. म्हणजे तेवढा भाग वेल स्वतः वाढली. खालचा भाग कोणीतरी हाताने गुंडाळला. सोडवली, दार उघडलं, मग परत गुंडाळून ठेवली. आणि माणसाचा हात प्रदक्षिणेसारखा फिरतो. त्याला तीच सवय.”

गोटूने एक पान उचलून पाहिलं. “ही पानं पालथी पडलीत. पण ती बाजूची सरळ आहेत, तीपण उलट्या वेढ्यावरच आहेत.”

“ती आधी कधीतरी गुंडाळलेली. त्यांना वळून उन्हाकडे तोंड करायला वेळ मिळाला.” गायत्रीने श्वास घेतला. “कोणीतरी एकदाच नाही आलं. येतच होतं.”

“चल, सगळ्यांना सांगू,” ललित उठला.

“काय सांगणार? वेल उलटी फिरली म्हणून आजोबांना चावी परत द्या? हसतील. कोण ते सांगावं लागेल.”

ते मात्र गोटूला सापडलं. त्याला तहान लागली होती. गिरधरकाकांच्या बांधकामावरच्या पिंपातलं पाणी प्यायला म्हणून तो पलीकडे गेला आणि तिथूनच ओरडला.

“गायत्रीताई, इकडे ये. गाईच्या खुरांची झाडं उगवलीत.”

पंपघराच्या मागच्या दारापासून बांधकामापर्यंत वाळू पसरली होती. ती ओलसर होती. आणि तिच्यात, जणू कोणी दोरी धरून पेरली असावीत अशी, इवलीशी रोपं एका ओळीत उगवली होती. प्रत्येक रोपाला दोनच पानं. प्रत्येक पान मधोमध दुभंगलेलं, गाईच्या खुरासारखं.

“ही गारवेल आहे,” गायत्री गुडघ्यांवर बसली. “बी उगवलं की पहिली दोन पानं अशीच येतात. बदामी पानं नंतर.”

“पण ओळीत कोण लावेल?”

“लावली नाहीत. वेलीची बोंडं वाळली की फुटतात. दारात बी सांडलेलं असतं. त्यावरून कोणी ओला पाइप ओढत नेला, तर बी पाइपाला चिकटेल, वाटेत पडेल आणि त्याच पाण्याने उगवेल.”

ओळ जिथे संपत होती तिथे गिरधरकाकांचा नवा स्लॅब उभा होता. त्याच्या कडेने पाणी गळून पडलेल्या खुणा होत्या. शेजारी हिरवा पाइप वेटोळं करून ठेवला होता.

“कॉलनीचं पाणी बांधकामाला वापरायचं नाही, असं ठरलंय,” ललित म्हणाला. “मीटिंगमध्ये पप्पा गेले होते. गिरधरकाका तर टँकर मागवतात म्हणाले होते.”

“कधी पाहिलास टँकर?”

ललितने नाही म्हणून मान हलवली.

गायत्रीला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कालच गिरधरकाकांच्या घरून करंज्यांचं ताट आलं होतं. आजोबांनी त्यातली एक खाल्ली होती आणि म्हणाले होते, गिरधर चांगला आहे, आठवण ठेवतो.

“ते म्हणतील, टँकरचंच पाणी आहे,” ती म्हणाली. “रोपांचं काय, उडून आली असतील म्हणतील. त्यांनीच सांगायला हवं.”

“ते कशाला सांगतील?”

“ते दार आपल्याला उघडता आलं का?”

“नाही.”

“पण त्यांना उघडता येतं.”

ललित तिच्याकडे बघत राहिला. मग हसला. “तू डेंजर आहेस यार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आला. आजोबांनी बॅग भरून ठेवली होती. ती पलंगावर होती आणि ते तिच्याशेजारी बसले होते, गाडीची वाट बघणाऱ्या उतारूसारखे.

“मामा, दहा मिनिटं पंपघरापाशी चल. आजोबा, तुम्हीपण.”

“आता तिथे माझं काय काम?” आजोबा म्हणाले. पण आले.

मोटर काढायला मेकॅनिक आला होता, म्हणून सुकलालकाका आणि आणखी चारपाच जण तिथे जमलेच होते. गिरधरकाकाही होते. वेल निळ्या फुलांनी भरून गेली होती.

“काका, एक काम कराल?” गायत्रीने सुकलालकाकांच्या हातात वेलीचा एक लोंबता शेंडा दिला. “हा खांबावर गुंडाळा ना.”

“हे काय आणखी?”

“गुंडाळा तर.”

सुकलालकाकांनी शेंडा खांबाभोवती फिरवला. मग तिने तो सोडवून मामाला दिला. मामानेही फिरवला. मेकॅनिकनेही. सगळ्यांचे हात एकाच बाजूने फिरले.

“प्रदक्षिणा,” गोटू म्हणाला.

“आता खिडकीवरची वेल बघा आणि दारावरची बघा,” गायत्री म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. मोठी माणसं पुढे वाकून बघू लागली. एकाने खांबाला फेरी मारली. सुकलालकाकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

“म्हणजे हे दार कोणीतरी उघडलं होतं?” मामाने विचारलं.

“शक्यच नाही,” सुकलालकाका म्हणाले. “हे दार उघडतच नसेल.”

“मग उघडून बघा ना, काका,” ललित अगदी साधेपणाने म्हणाला. त्याने आणि गायत्रीने दारावरचे शेंडे अलगद सोडवून बाजूला केले.

सुकलालकाकांनी कडी काढली आणि ओढलं. दार हललं नाही. मामाने दोन्ही हातांनी ओढलं. सळ्या खडखडल्या, दार तिथेच. मेकॅनिक पुढे झाला, पाय भिंतीला लावून त्याने जोर केला.

“बघा, मी म्हणत होतो ना,” सुकलालकाका म्हणाले.

“अरे, तोडाल,” मागून आवाज आला. “बिजागरी बसली आहे त्याची. वर उचलून ओढा.”

मेकॅनिकने दार वर उचललं आणि ओढलं. ते सहज उघडलं.

सगळे वळून गिरधरकाकांकडे बघत होते.

“काका, तुम्हाला कसं माहीत?” गोटूने विचारलं.

गिरधरकाकांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांचा चेहरा रागावलेला असता तर कदाचित त्यांनी काहीतरी बनवून सांगितलं असतं. पण आजोबा नुसते बघत होते, अगदी लक्ष देऊन, जणू कोणीतरी त्यांच्या दुखण्याचं नाव सांगणार होतं.

“मी केलं, आप्पा,” गिरधरकाका म्हणाले. “टँकरवाला येतो येतो करत आलाच नाही. स्लॅब तडकायला लागला. दुपारी सगळे झोपलेले असायचे, तेव्हा घटकाभर मोटर चालू करायचो. परवा चालू केली आणि शाहपूरहून फोन आला, आमचा केळीचा ट्रक फसला म्हणून. गाडी काढली आणि गेलो. मोटर डोक्यातून पार गेली. आलो तर जळालेली. काय करावं सुचेना. वेल नीट गुंडाळून ठेवली.”

“आणि काल?” गायत्रीने विचारलं. “आजोबांनी चावी दिली, तेव्हा तुम्ही तिथेच होतात.”

“होतो, बेटा.” त्यांनी मान खाली घातली.

“गिरधर, लाज वाटायला पाहिजे होती,” सुकलालकाका कडाडले. आजोबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“म्हणजे मी बंद केली होती,” ते म्हणाले. ते कोणाला उद्देशून बोलत नव्हते. “सकाळी मी मोटर बंद केली होती.”

“हो, आजोबा,” गायत्री म्हणाली.

“मी रात्रभर आठवत होतो. बटण डोळ्यांसमोर यायचं, पण हात दिसायचा नाही.” त्यांनी आपला हात वर धरून पाहिला. “केली होती.”

सुकलालकाकांनी चावी काढली. “आप्पा, चूक आमची. न विचारता तुम्हाला दोषी ठरवून मोकळे झालो. या दारासमोरून आम्ही रोज जातो, एकालाही दिसलं नाही. या पोरांना दिसलं.” त्यांनी गोटूच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की तो खोकायला लागला. “शाब्बास रे. आणि गायत्रीबाई, तुम्ही तर आमची शाळाच घेतलीत.”

“नवी मोटर मी बसवून देतो,” गिरधरकाका म्हणाले. “आणि मागच्या दाराला कुलूपही.”

“कुलूप लाव,” आजोबा म्हणाले. “वेल तोडू नकोस मात्र.”

दुपारी मामा एकटाच परत निघाला. जाताना त्याने गायत्रीला जवळ घेतलं. “मी फोनवर ऐकलं आणि खरं मानलं गं. बाबांना एकदा विचारलंसुद्धा नाही. तू शोधून काढलंस.” तो पटकन गाडीत बसला.

संध्याकाळी ललित आणि गोटू जेवायला गेले आणि घर पुन्हा शांत झालं. आजोबांनी बॅग उपसून कपडे कपाटात ठेवले. खिचडीचा कुकर लावला. गायत्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बघत होती. आपण जिंकलो, आजोबा इथेच राहणार, हे खरं होतं. पण चार दिवसांनी ती भुसावळला जाईल. मग आजोबा असतील, कुकर असेल आणि एवढं मोठं घर. तिने त्यांना घर परत मिळवून दिलं होतं. घरातलं माणूस तिला आणता येणार नव्हतं.

आजोबांनी दोन ताटं घेतली. जेवायला बसल्यावर ते म्हणाले, “वेलीचं ते फिरणं मला ठाऊक नव्हतं गं. इतकी वर्षं बघतोय.”

“आजीने मला शिकवलं. ती गारवेल कुठून आणली होती तिने?”

आजोबांचा घास हातातच राहिला.

“चांदनीला,” ते म्हणाले. “लग्न झालं तेव्हा आम्हाला रेल्वेचा क्वार्टर मिळाला. रुळाच्या कडेला एकटाच. आसपास माणूस नाही. मी ड्युटीवर गेलो की शोभा दिवसभर एकटी. रुळाच्या बाजूला ही वेल आपोआप उगवायची. तिने ती आणून दाराशी लावली. मी म्हटलं, अगं, हिची फुलं दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाहीत. तर म्हणाली, दुपारचं कोण विचारतंय, सकाळी दार उघडल्यावर कोणीतरी समोर पाहिजे.”

त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

“मला तेव्हा हसू आलं होतं,” ते म्हणाले. “आता समजतं ती काय म्हणत होती.”

“मग पुढे?” गायत्रीने विचारलं.

“पुढे काय, बदली झाली की ही बाई पदराला बी बांधून निघायची. एकदा तर काय झालं...”

आजोबा सांगू लागले. ताटातली खिचडी गार होत गेली. गायत्री ती गरम करायला उठली नाही.